साधनाच्या अदलाबदलींची एकसदस्यीय चौकशी

२० मे २००८

काल वेसाकची सुट्टी. बुद्धजयंतीचा कार्यक्रम झाला, वंदना झाली, खीर झाली आणि मग मंडळाची सर्वसाधारण सभा. सभेत माझी एकमताने नेमणूक झाली. मी आता चौकशी समिती आहे. अध्यक्ष मी, सदस्य मी आणि इतिवृत्त लिहिणाराही मीच.

प्रकरण असं आहे. इथे परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाचे भागवार तीन बास्केटबॉल संघ आहेत: बुकित पंजांग, तोआ पायोह आणि पाया लेबार. बायका-पुरुष एकत्र खेळतात, तसा ठराव पहिल्याच वर्षी झाला. ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या जवळच्या रविवारी चषकाचे सामने होतात. पूर्वी लोक फ्लॅट बदलायचे आणि संघ बदलायला तयार व्हायचे नाहीत, त्यावरून दरवर्षी भांडणं. तेव्हा मीच सुचवलं की अमेरिकेतल्या लीगसारखं करा. प्रत्येक संघाला एक जनरल मॅनेजर द्या. चषक झाला की पुढच्या चषकापर्यंत ऑफ-सीझन, आणि त्या काळात मॅनेजरांनी आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करायची. ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातून जे नवे विद्यार्थी आणि पोस्टडॉक येतात, त्यांना पाळीपाळीने निवडायचं. पहिली पाळी शेवटच्या नंबरवर आलेल्या संघाची. यंदा ती आमची आहे.

आमच्या, म्हणजे बुकित पंजांगच्या, संघाची मॅनेजर माझी बायको साधना. गेल्या नोव्हेंबरात दुसऱ्या कुणीच हात वर केला नाही म्हणून ती झाली. आणि गेल्या महिन्यात तिने प्रीतम पाया लेबारला देऊन टाकला! प्रीतम म्हणजे पोस्टडॉक, वय सत्तावीस, आमच्या निम्म्याहून जास्त गुणांचा मालक. त्याच्या बदल्यात तिने जगदीश घेतला. जगदीशचं वय बावन्न. उजव्या गुडघ्याला पट्टा.

सभेत गदारोळ झाला. चौकशी व्हावी यावर सगळ्यांचं एकमत होतं, पण चौकशी करणार कोण म्हटल्यावर सगळे खिरीच्या वाटीत बघायला लागले. अर्ध्या लोकांना साधनाने फ्लॅट शोधून दिलेत, उरलेल्या अर्ध्यांच्या बायकांची बाळंतपणं काढलीत. शेवटी अध्यक्ष निशिकांत म्हणाले, "प्रबोधसरांनाच नेमू या. घरचेच आहेत. म्हणजे प्रश्नच मिटला."

मला त्यांचं म्हणणं लगेच कळलं. नवरा नेमला की त्याला इतरांपेक्षा जास्त कडक राहावंच लागतं, नाहीतर लोक बोट दाखवतात. टाळ्या झाल्या. अनुमोदन खुद्द साधनाने दिलं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी अहवाल द्यायचा. तो विरोधात गेला तर तिचं मॅनेजरपद जाणार.

मी कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर आहे. माझ्या हातून सदोष माल पुढे गेलेला नाही.

२४ मे

साधनाची पहिली जबानी. स्थळ, आमचं स्वयंपाकघर. बसून बोलावं असं मी सुचवलं.

"भाकरी उभ्यानेच होते, साहेब. विचारा."

मी तिला तिचे हक्क समजावले. उत्तर द्यायला ती बांधील नाही, आणि हवं तर मदतीला कुणालाही बसवू शकते.

"ऋचाला बसवते," ती म्हणाली. आमची लेक ऋचा टीव्हीवरून नजर न काढता इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आय डोन्ट वॉन्ट लाह."

पहिला प्रश्न. प्रीतम का दिला?

"तो पास देत नाही."

"त्याने पास द्यायची गरज काय? तो बास्केट करतो."

"दहा मारतो, तीन जातात. बाकीचे चौघं नुसते पळतात, आणि मग पळणंपण सोडून देतात."

"सर्वात जास्त गुण त्याचे आहेत, साधना. मी स्वतः मोजलेत."

"सर्वात जास्त वेळ बॉलही त्याच्याकडेच असतो ना जी."

दुसरा प्रश्न. जगदीश का घेतला?

"तो चांगला उभा राहतो."

उभं राहणं हे कौशल्य नव्हे, असं मी तिच्या निदर्शनास आणून दिलं. ती म्हणाली, आहे. मी 'समाधानकारक उत्तर नाही' अशी नोंद केली.

तिच्या बाजूचंही लिहिलं पाहिजे. साधना नागपूरची. नागपूर विद्यापीठाच्या संघातून खेळलेली, नंतर तिथल्याच एका शाळेत पीटी शिकवायची. सत्त्याण्णव साली डिपेंडंट पासवर, म्हणजे नोकरदाराच्या बायकोच्या परवान्यावर, माझ्यामागे इकडे आली आणि ते सगळं सुटलं. मी तिला खेळताना कधी पाहिलेलं नाही, पण ती म्हणते म्हणजे खेळली असेल. मात्र त्या काळी अ‍ॅसेट मॅनेजमेंट हा प्रकार नव्हता. लोक आपले नुसतेच खेळायचे.

संघ हाती आल्यापासून ती गळ्यात शिट्टी अडकवून भाजी आणायलासुद्धा जाते. सकाळी गाणी म्हणते. याचा चौकशीशी संबंध नाही.

२ जून

एक गंभीर बाब वेळीच लक्षात आली. ज्या व्यक्तीची चौकशी चालू आहे तिच्या हातचं मी रोज जेवतो आहे! आमच्या कंपनीत सप्लायरकडून साधी पेनसुद्धा घेता येत नाही. उद्यापासून घरचं जेवण बंद. साधनाला सांगितलं. ती म्हणाली, "डबापण नको?"

"डबा तर नकोच नको."

"बरं."

तिने वाद घातला नाही, याचं मला कौतुक वाटलं. तत्त्वाचा प्रश्न तिला समजतो.

७ जून

हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांचा बाजार. फिश सूप.

८ जून

फिश सूप.

१५ जून

दुसरी अदलाबदल. ही ऐकून मला खाली बसावं लागलं.

साधनाने दोन तरुण खेळाडू तोआ पायोहला दिले. दोघंही तिशीच्या आतले, दोघांचेही गुडघे शाबूत. बदल्यात बेबीताई घेतल्या. बेबीताई युनिव्हर्सिटीत रसायनशास्त्राच्या संशोधक आहेत, वय चव्वेचाळीस, उंची साधनाच्या खांद्याइतकी. फ्री थ्रो त्या दोन्ही हातांनी खालून वर टाकतात, सुपातून धान्य उडवावं तसा. जातो, हे कबूल केलं पाहिजे. आज मी सरावाला गेलो होतो, तेव्हा त्यांचा एकही चुकला नाही. पण बघायला फार विचित्र वाटतं, आणि अहवालात दिसण्यालाही महत्त्व असतं.

सरावाला मी घडीची खुर्ची घेऊन गेलो आणि तटस्थ राहायचं म्हणून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. मधूनच जोराची सर आली. सगळे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत पळाले. साधनाने मला हाक मारली, छत्री पुढे केली. ती घेणं योग्य नव्हतं. मी बसून राहिलो.

बेबीताईंनी जाताना विचारलं, "सर, तब्येत बरी आहे ना? साधना काही बोलत नाही."

मी म्हटलं, चौकशी चालू असताना तिने बोलूही नये.

२९ जून

ताप होता. तीन दिवस हॉलमध्ये झोपून होतो (बेडरूमही दोघांची असल्यामुळे मी मध्यंतरी हॉलमध्ये आलो आहे). ऋचाने पेज आणून दिली. पेज कुणी केली ते मी विचारलं नाही. ऋचाने सांगितलंही नाही, एवढंच म्हणाली, "पपा, व्हाय यू लाइक दॅट?"

१३ जुलै

आता मात्र कळस झाला. साधनाने आमची ऑगस्टची पहिली पाळी विकली!

पार्श्वभूमी लिहून ठेवतो. यंदा येणाऱ्यांमध्ये औरंगाबादचा एक धैर्यशील नावाचा मुलगा आहे, इंजिनिअरिंगला. त्याचा लग्नाचा बायोडेटा मागे माझ्या मावसबहिणीसाठी आला होता, त्यामुळे त्याची उंची मला पक्की माहीत आहे. सहा फूट तीन इंच. आपल्या मंडळात एवढा माणूस आजवर झाला नाही. हे मी साधनाला मार्चमध्येच सांगितलं होतं, तेव्हा चौकशी नव्हती.

तिने काय करावं? ती पाळी तोआ पायोहला देऊन टाकली आणि बदल्यात त्यांच्याकडचा बुधवार संध्याकाळचा इनडोअर कोर्ट घेतला. माणूस देऊन वेळ घेतली!

मी जबानी घेतली. ती कपडे वाळत घालत होती, बांबूला एकेक शर्ट ओवत.

"सहा फूट तीन इंचांचा माणूस तू सोडलास."

"तुम्ही त्याला पाहिलंय?"

"बायोडेटा पाहिलाय."

"अहो, लग्नाचा बायोडेटा."

"मग? त्यात खोटं कशाला लिहितील?"

हसू दाबण्यासाठी ती बांबूच्या पलीकडच्या टोकाला गेली असावी असा मला संशय आहे. नोंद केली.

मी तिला समजावून सांगितलं की मोठे मॅनेजर उद्यासाठी आज विकतात, आणि तू आजसाठी उद्या विकलास. ती म्हणाली, "पावसात सराव होत नाही. सराव झाला नाही तर उद्या येऊन करणार काय?"

३ ऑगस्ट

चांगी विमानतळावर धैर्यशीलला आणायला मंडळाचे नऊ लोक गेले. नवीन मुलाला घ्यायला जायचं, त्याला पहिला आठवडा कुणाच्या तरी घरी ठेवायचं, सिम कार्ड घेऊन द्यायचं, हा आपला जुना शिरस्ता. पण यंदा तोआ पायोहवाल्यांनी हारही आणला होता. मी निरीक्षक म्हणून गेलो.

दार उघडलं, ट्रॉल्या येत राहिल्या, आम्ही सगळे वरती बघत होतो. त्यामुळे धैर्यशील आमच्या समोर येऊन "जयभीम" म्हणेपर्यंत कुणाला दिसलाच नाही. तो साधारण माझ्याएवढा आहे. माझी उंची मी इथे लिहीत नाही.

तोआ पायोहच्या मॅनेजरने त्याला बूट काढायला सांगितले, मग पुन्हा घालायला सांगितले. पोरगा गोड आहे. म्हणाला, "बायोडेटा आत्याने लिहिला होता."

म्हणजे साधनाची ही अदलाबदल फायद्यात गेली. पण निष्पक्ष माणसाने इथेच सावध राहायला हवं. निकाल चांगला लागला म्हणून निर्णय चांगला होता असं होत नाही. उंची खोटी आहे हे तिला माहीत नव्हतं, तिला फक्त तसं वाटलं होतं. वाटणं म्हणजे मॅनेजमेंट नव्हे. या अदलाबदलीला मी दिलेली श्रेणी ड कायम.

१७ ऑगस्ट

नागपूरहून साधनाला तिच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिका स्मिताबाईंचा फोन. मी हॉलमध्येच राहत असल्यामुळे सगळं ऐकू आलं. शाळेला पुढच्या जूनपासून मुलींच्या बास्केटबॉलसाठी पूर्ण वेळ कोच हवी आहे. क्वार्टर देतील, ऋचाला तिथेच घेतील. साधनाने 'नाही' म्हणून सांगितलं.

"नाही हो बाई," ती म्हणाली. "इथे माझी टीम आहे."

दबाव आणण्यासाठी मला ऐकू जाईल असं मुद्दाम बोलली का, याचा विचार केला. तसं दिसत नाही. ती नंतर गॅलरीत उभी राहून बराच वेळ खाली एलआरटीच्या गाड्यांकडे बघत होती. चौकशीशी संबंध नाही.

७ सप्टेंबर

तोआ पायोहशी सरावाचा सामना. आम्ही जिंकलो. बुकित पंजांग दोन वर्षांत पहिल्यांदा जिंकलं आणि सगळे इतके गोंधळले की कुणी कुणाशी हस्तांदोलन करायचं तेच कळेना.

मी जगदीशची स्वतंत्र नोंद ठेवली. गुण शून्य. बास्केटच्या दिशेने टाकलेले चेंडूही शून्य. पूर्ण सामनाभर तो एका जागी जाऊन उभा राहतो. समोरचा खेळाडू त्याला येऊन आदळतो, आणि तेवढ्यात आमचं कुणीतरी मोकळं सुटतं. हे मी तीनदा-चारदा पाहिलं, पण हे ज्या रकान्यात लिहायचं तो रकानाच माझ्या तक्त्यात नाही.

सामन्यानंतर त्याची जबानी घेतली. जगदीशची बायको मुलांच्या शिक्षणासाठी अमरावतीला परत गेली आहे. तो इथे एकटाच असतो.

"पाया लेबारला मला फक्त कोर्ट बुक करायला ठेवलं होतं सर," तो म्हणाला. "रविवारी संध्याकाळी मी बूट घालून बसायचो, कुणी सांगायचंच नाही आत जा म्हणून. साधनाताई घरी आल्या, म्हणाल्या, दादा, मला तुम्ही पाहिजे. गंमत करताय का, म्हटलं. म्हणाल्या, नाही, मला रुंद माणूस पाहिजे."

हे सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या कामाला उपयोगी असं तो काहीच बोलला नाही.

२८ सप्टेंबर

अहवाल पूर्ण. प्रत्येक अदलाबदलीला श्रेणी दिली आहे. एकूण श्रेणी ड. शिफारस: मॅनेजरपदावरून मुक्त करावे.

एक गोष्ट इथे कबूल करतो. सराव बघायला मजा येते. आता सगळे एकमेकांना पास देतात आणि कुणी चुकलं तरी हसतात. पण माझ्यापुढे आकडे आहेत. सर्वोत्तम खेळाडू गेला, तरुण गेले, पाळी गेली. उरले काय तर गुडघ्याचा पट्टा, खालून चेंडू टाकणाऱ्या बाई आणि बुधवारची संध्याकाळ. कुठल्याही तटस्थ माणसाने हेच लिहिलं असतं. आणि मंडळाने मला नेमलं ते तटस्थ म्हणूनच.

मला खात्री आहे, पहिला धक्का ओसरला की साधनाला माझा अभिमान वाटेल.

५ ऑक्टोबर

अहवाल वाचला. पुढे जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

वाचून संपल्यावर टाळ्या नाहीत, प्रश्न नाहीत. बेबीताई साधनाकडे बघत होत्या. साधना माझ्याकडे बघत होती. निशिकांतनी दोनदा चष्मा पुसला आणि विचारलं, कुणाला काही बोलायचंय? कुणालाच नव्हतं. ठराव मंजूर झाला.

सभा संपल्यावर निशिकांतनी मला हाताला धरून खांबामागे नेलं.

"अहो सर, हे काय केलंत?"

"तुम्ही सांगितलेलं काम."

"आम्ही तुम्हाला नेमलं ते प्रकरण मिटवायला! नवरा काय बायकोच्या विरोधात लिहिणार आहे का? दोन ओळी लिहाल, सगळं ठीक आहे म्हणाल, विषय संपेल. दरवेळी आपण असंच करतो. मंडळाच्या भांडाराचा हिशेब चुकला तेव्हा काकूंच्या चौकशीला त्यांच्या नवऱ्याला, काकांनाच, नेमलं होतं की!"

"मग सभेत कुणी विरोध का केला नाही?"

"कसा करणार? प्रत्यक्ष नवरा एवढं लिहितोय म्हटल्यावर लोकांना वाटलं, काहीतरी असणार. घरातलं आपल्याला काय माहीत!"

म्हणजे साडेचार महिने मी चौकशी केली, हॉलमध्ये झोपलो, फिश सूप खाल्लं, पावसात भिजलो, ते कुणालाच नको होतं.

घरी येताना एलआरटीत साधना माझ्या शेजारी बसली होती. ऋचा आमच्या दोघांच्या मध्ये. मी म्हटलं, "यात व्यक्तिगत काही नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तेच तर लागून राहिलं."

घरात शिरल्यावर तिने गळ्यातली शिट्टी काढून ऋचाला दिली आणि नागपूरला फोन लावला. स्मिताबाई घरी नव्हत्या. उद्या करते, म्हणाली.

६ ऑक्टोबर

चषक आठवड्यावर आलेला, संघाला मॅनेजर नाही. साहजिकच मला नेमलं. मी तज्ज्ञ आहे, असं निशिकांत म्हणाले. बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

पहिलं काम, झालेली चूक दुरुस्त करणं. पाया लेबारचे मॅनेजर विश्वास यांना फोन केला. म्हटलं, जगदीश घ्या, बेबीताई घ्या, आणि प्रीतम परत द्या. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ते "दिला!" म्हणाले. वाटाघाटी इतक्या लवकर जिंकता येतात याची मला कल्पना नव्हती.

विश्वासनी एकच विचारलं, "आमच्या संघात एक जागा रिकामी आहे. सध्या कुठल्याच संघात नसलेलं कुणी घेतलं तर चालेल का?"

"कुणालाही घ्या," मी उदारपणे म्हणालो.

"साधनाताईंना घेतो. खेळाडू म्हणून."

मला हसू आलं. साधना अडतीस वर्षांची आहे. तिने लग्नानंतर बॉलला हात लावलेला नाही.

आजपासून मी घरी जेवू शकतो, कारण चौकशी संपली. टेबलावर दोनच ताटं होती. साधना म्हणाली, "मला वाटलं तुम्ही तिकडेच जेवता." ती ताट घ्यायला उठली, पण मी म्हटलं, असू दे. फिश सूप.

आज तिने स्मिताबाईंना सांगितलं की पद भरलं नसेल तर विचार करते. भरलेलं नाही.

१३ ऑक्टोबर

काल अंतिम सामना झाला. बुकित पंजांग विरुद्ध पाया लेबार. आज रजा घेतली आहे, कारण लिहायचंय.

पहिली काही मिनिटं माझ्या योजनेप्रमाणे गेली. बॉल प्रीतमकडे गेला आणि प्रीतमकडेच राहिला. त्याने मारला, चुकला. पुन्हा मारला, चुकला, मग एक गेला. मी आनंदाने उठलो तेव्हा लक्षात आलं की बाकीचे चौघं हललेलेच नाहीत. म्हणजे ते मैदानात होते, पण पळत नव्हते. कमरेवर हात ठेवून बघत होते. तेच चौघं, जे महिनाभरापूर्वी हसत पळायचे.

समोर जगदीश उभा होता. प्रीतम जाऊन त्याला धडकला आणि मागे पडला. जगदीशने हात देऊन उठवलं. बेबीताईंना फाउलचे दोन फ्री थ्रो मिळाले. त्यांनी खालून वर टाकले, दोन्ही गेले.

मग विश्वासनी साधनाला आत पाठवलं.

काय लिहू? ती आत आली आणि ओरडायला लागली. नागपुरी बोलत होती, मोठ्याने. "काय पाहून राहिली, बेबी, सुट ना! दादा, तिथंच राहा!" असा आवाज मी घरात कधी ऐकलेला नाही. प्रीतम बॉल घेऊन आला तर तिने तो नुसता काढून घेतला, मुलाच्या हातातला रिमोट घ्यावा तसा. आणि पळाली. केस सुटले होते. जगदीशच्या बाजूने वळली, सगळ्यांना वाटलं आता मारणार, आणि तिने न बघताच मागे पास दिला. बेबीताई एकट्या उभ्या होत्या. बास्केट.

अकरा वर्षं ही बाई माझ्या घरात होती. तिला हे येतं हे मला माहीतच नव्हतं. नागपूरचं सगळं गाव हे बघायचं, आणि मी तिला विमानात बसवून इथे आणलं आणि तांदूळ निवडायला लावले. मी उठून जोरजोरात टाळ्या वाजवत होतो आणि मला थांबताच येईना.

ऋचाने माझा शर्ट ओढला. "पपा! राँग टीम लाह!"

मी म्हटलं, "नाही गं."

आम्ही वाईट हरलो. आकडा लिहीत नाही.

बक्षीस समारंभानंतर सगळे जेवायला गेले. साधना कोर्टाच्या पायरीवर बसून घोट्यावर बर्फ धरून होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. काय बोलायचं ते येताना मनात जुळवलं होतं. मुद्दे होते, उपमुद्दे होते. मॅनेजर म्हणून मी उद्याच ऑफ-सीझनचा पहिला प्रस्ताव देणार होतो: आमची पुढची पहिली पाळी, बुधवारचा कोर्ट, प्रीतम, सगळं घ्या आणि साधना द्या.

"प्रीतम तुमच्या संघाला देऊ केला तर?" मी सुरुवात केली.

"आता पुन्हा सुरू करू नका."

मग मुद्दे गेले. एकही आठवेना. मी म्हटलं, "नागपूरला जाऊ नकोस."

तिने बर्फाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "काहून?"

इतकी वर्षं मला कुणी कारण विचारलं आणि माझ्याकडे ते नव्हतं, असं झालेलं नाही. ऋचाची शाळा म्हणता आलं असतं, तिचा डिपेंडंट पास म्हणता आलं असतं, माझी नोकरी म्हणता आलं असतं. त्यातलं काहीच खरं वाटेना. मी म्हटलं, "कारण नाही. मला नको आहे तू जायला. मी फार मोठा गाढवपणा केला."

"एका ओळीत लिहिता येतं हे. त्या अहवालाला चौदा पानं लागली."

"चुकलोच मी, साधना."

ती मैदानाकडे बघत होती. तिथे जगदीश आणि बेबीताई अजून एकमेकांना पास देत होते, जेवायला गेलेच नव्हते. मला वाटलं आता म्हणेल की राहते, कारण ती चांगली बाई आहे आणि लोकांवर दया करते. तिने तशी केली नाही.

"तिथे मला कुणी चौकशीला बसवणार नाही," ती म्हणाली. "त्यांनी एवढंच विचारलं, कधी येता. मला फार बरं वाटलं हो ते. तुमच्यावरचा राग वेगळा. तो जाईल. पण मला खेळायचंय, एवढं आज कळलं. इथे की तिथे, ते मी बघते."

"मी काय करू?"

"काही करू नका. बघा फक्त. लिहू नका."

हे मी तिच्या सांगण्याविरुद्ध लिहितो आहे, हे शेवटचं.

मी विचारलं, कधी ठरवशील? स्मिताबाईंना मार्चपर्यंत सांगायचं आहे, ती म्हणाली. मग उठली, लंगडत पाच-सहा पावलं गेली आणि वळून म्हणाली की घोटा दुखतोय, हात द्या. मी हात दिला. एलआरटीपर्यंत तिने तो सोडला नाही. यावरून काहीही निष्कर्ष काढायचा नाही, असं तिने वाटेत मला दोनदा बजावलं.